खेड्यातले मिशनरी आणि आपण

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या व्याख्यानमालेत पाद्र्यांवर भाषण कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. त्याचे कारण आधी सांगतो. मागे आपल्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने प्रश्न केला की, मिशनऱ्यांनी गहू आणि दुधाची पावडर वाटून आपल्या लोकांना बाटवले, हे खरे आहे काय? दुसरा एक विद्यार्थी लगेच म्हणाला, खरे आहे, आमच्या गावात सगळे तसेच सांगतात. सगळे म्हणजे कोण, असे आम्ही विचारले. तेव्हा कळले की, सगळे म्हणजे किराणा दुकानदार, सोसायटीचे चेअरमन आणि शाळेचे एक गुरुजी. वस्तीवरच्या एकाही म्हाताऱ्या माणसाला हे विचारले गेले नव्हते. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांनाच सोडून बाकी सर्वांना विचारायचे, ही आपल्या देशातली जुनी रीत आहे. निदान आपल्या अभ्यासवर्गात ती नसावी, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आम्ही प्राध्यापक नाही. बी. ए. ला इतिहास विषय घेतला होता एवढेच, पुढचे सारे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले. परंतु आमचे आजोळ नेवासे तालुक्यातले आणि तिथल्या वस्तीत अर्धी घरे बौद्धांची, अर्धी ख्रिस्ती लोकांची. दोन्हीकडची आडनावे एकच. त्यामुळे हा विषय आम्ही पुस्तकात वाचण्याआधी चुलीपुढे ऐकलेला आहे.

प्रथम 'बाटवणे' या शब्दाविषयी. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला, ज्याने विहिरीला हात लावला तर विहीर बाटते म्हणून सांगितले, त्या माणसाने धर्म बदलला की तोच माणूस 'बाटला' म्हणायचे! बाटायला मुळात त्याच्याजवळ शिल्लक काय ठेवले होते? हा शब्द आपल्या तोंडी तरी नको.

आता मूळ हकिकत. पुष्कळांची अशी समजूत असते की इंग्रज सरकारने मिशनरी आणले. नगर जिल्ह्यापुरते बोलायचे तर हे खरे नाही. तिकडे आले ते अमेरिकन होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडण्याच्या बेतात होते. रयतेच्या धर्माला हात लावला तर व्यापार बिघडेल, ही कंपनीची भीती. त्याच वर्षी पार्लमेंटने सनद बदलली आणि मिशनऱ्यांची वाट मोकळी झाली. पुढे 1831 च्या डिसेंबरात या अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला ठाणे घातले. आज त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण जुन्या गोष्टी सांगताना आम्ही नगरच म्हणू.

हे लोक आले ते काही महारवाडा शोधत आले नाहीत. त्यांचा डोळा ब्राह्मणांवर होता. वरचा मनुष्य आला की खालचे आपोआप येतील, असा त्यांचा हिशेब. नगरला पहिले मिशनरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण ख्रिस्ती होते. 1839 साली हरिपंत खिस्ती यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा नगरात मोठी खळबळ उडाली. पण हिशेब चुकला. वरचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले, आणि ज्यांची कोणी फारशी वाट पाहत नव्हते ते महार आणि मांग खेड्यापाड्यांतून येऊ लागले. बाबासाहेबांनी 'ख्रिश्चनाइझिंग द अनटचेबल्स' या निबंधात मिशनऱ्यांच्या याच धोरणावर नेमके बोट ठेवले आहे. मिशनच्या शाळा-कॉलेजांचा लाभ प्रथम उच्चवर्णीयांनी घेतला, धर्म मात्र घेतला नाही, आणि मिशनऱ्यांची कित्येक वर्षे त्यात गेली, असा त्यांचा अभिप्राय आहे.

मग महार-मांग आले कसे? नगर-औरंगाबाद रस्त्यावर, नेवासे तालुक्यात वडाळा म्हणून गाव आहे. तिथे 1857 पासून सॅम्युअल फेअरबँक नावाचे मिशनरी राहू लागले. हे गृहस्थ पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते, मुंबई इलाख्यातल्या पक्ष्यांवर त्यांचे पुस्तक आहे. पण एक साहेब किती खेडी फिरणार? हिवाळ्यात तंबू आणि बैलगाडी घेऊन चार गावे करायची, आठवड्याच्या बाजारात उभे राहून बोलायचे, यापलीकडे त्यांची धाव नसे. खरी बातमी पसरली ती सोयरिकीतून. एका गावचा मेहुणा दुसऱ्या गावी सांगे, जत्रेत साडू भेटे, लेक माहेरी येई. नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती धर्म महारवाड्यातून महारवाड्यात, मांगवाड्यातून मांगवाड्यात असा नात्याच्या वाटेने गेला. मिशनऱ्यांच्या अहवालात हे सारे आपल्या प्रवचनाचे फळ म्हणून लिहिले जाई. साहजिक आहे, पैसे अमेरिकेतून यायचे होते.

आणि ही बातमी काय होती? येशू तारणारा आहे, हे तर होतेच. पण आमची आजी जे सांगे ते वेगळे होते. तिच्या आज्याने ऐकले होते ते असे की, 'वडाळ्याला साहेब पोरांना लिहायला शिकवतो, आणि बसायला जवळ घेतो.' बसायला जवळ घेतो, हे वाक्य तिच्या घरात तीन पिढ्या टिकले. बायबलातले एकही वचन टिकले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, इथे थोडे थांबून विचार करा. महाराच्या वतनाच्या कामात एक काम सरकारी टपाल पोचवण्याचे होते. पाटील-कुलकर्ण्याने लखोटा द्यायचा, महाराने तो काठीला बांधून पुढच्या गावच्या चावडीत नेऊन टाकायचा. रात्र असो, पाऊस असो, नदीला पूर असो. पिढ्यान् पिढ्या हा माणूस लिहिलेला कागद वाहत होता आणि त्या कागदावर काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते. कधी त्या कागदात त्याच्याच वस्तीविरुद्धचा हुकूम असे. आता त्याचा दहा वर्षांचा मुलगा झाडाखाली बसून पाटीवर अक्षरे काढू लागला, आणि दोन वर्षांत त्याला लखोट्यावरचे नाव वाचता येऊ लागले. गावाच्या डोळ्यांत काय खुपले असेल? येशू खुपला नाही. गावात देव थोडे होते काय? आणखी एक आला असता तर म्हसोबाशेजारी बसवला असता. खुपली ती पाटी.

कोणी म्हणेल, सरकारी शाळा होत्याच की. होत्या. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी बाकीची सगळी मुले शाळा सोडतील, हे कारण. राणीचा जाहीरनामा, हंटर कमिशन वगैरे पुढच्या गोष्टी. कागदावर दार उघडे होऊनही खेड्यातल्या शाळेत आपला मुलगा ओसरीखाली उन्हात बसत असे, आणि ही स्थिती बाबासाहेबांच्या बालपणापर्यंत तशीच होती, हे आपण सर्व जाणतो. मिशनची शाळा म्हणजे काही मोठी इमारत नव्हे. वस्तीतलीच एक खोली, शेणाने सारवलेली जमीन, एक फळा. आठवडाभर ती शाळा, रविवारी तेच देऊळ. ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात. शिकवणारा मास्तर बहुधा आपल्याच जातीचा, नगरला शिकून आलेला. आपल्या जातीचा माणूस डोक्याला पागोटे घालून खुर्चीवर बसला आहे आणि त्याला लोक 'मास्तर' म्हणत आहेत, हे दृश्य महारवाड्याने आधी कधी पाहिले होते?

याच नगरला सिंथिया फॅरार नावाच्या बाई मुलींच्या शाळा चालवीत. 1827 साली त्या हिंदुस्थानात आल्या, 1839 पासून नगरला राहिल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याचे मनावर घेतले, हे खुद्द जोतीरावांनी सांगितलेले आहे. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे शिक्षण याच बाईंकडे घेतले, असे चरित्रकार लिहितात. त्याच मिशनचे 'ज्ञानोदय' हे पत्र 1842 साली नगरला सुरू झाले. 1855 साली त्याच पत्रात मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. ही जोतीरावांच्या शाळेची विद्यार्थिनी. वेद फक्त ब्राह्मणांचे म्हणता, मग आम्हांला धर्मपुस्तक कोणते, आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, त्याच्या ऐंशी वर्षे आधी मांगाच्या मुलीने विचारलेला हा प्रश्न आहे, आणि तो छापायला त्या काळी मिशनऱ्यांचे पत्र पुढे आले. हे ऋण आहे. ते मान्य करताना आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आता गावाने काय केले ते पाहू. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क जात नाही असे ठरले होते. म्हणजे ख्रिस्ती झालेल्या महाराचा वतनातला वाटा कायद्याने शाबूत. पण वतन म्हणजे सातबाऱ्यावरची ओळ नव्हे. खळ्यावर उभे राहिल्यावर कुणब्याने सुपातून जे टाकायचे ते बलुते. ते टाकायला कोणता कायदा लावणार? 'जा तुझ्या साहेबाकडे माग,' असे सांगितले की संपले. मेलेले जनावर ओढणार नाही म्हटले की भाकरी बंद. रविवारी काम करणार नाही म्हटले की मजुरी बंद. उरलेल्या भाऊबंदांवर दबाव यायचा तो निराळाच. येसकराची पाळी वाटून घेतलेली असते. एक घर बाहेर पडले की त्याचा बोजा दुसऱ्या घरावर, मग भाऊच भावाशी भांडायचा. अशा वेळी साहेबाचे पत्र कामी येई. वडाळ्याहून मामलेदाराला अर्ज गेला तर मामलेदार निदान वाचून पाहत असे. महाराच्या अर्जाला तोवर एवढाही मान नव्हता.

मग गव्हाचे काय, असे तुम्ही विचाराल. तेही सांगतो, लपवण्यासारखे काही नाही. 1876 ते 78 चा दुष्काळ आणि पुढे 1899-1900 चा, ज्याला लोक छप्पन्नाचा दुष्काळ म्हणतात, या दोन्ही वेळी नगर जिल्हा होरपळला. मिशनने अनाथ मुले गोळा करून सांभाळली, कामे काढली, अमेरिकेतून आलेले धान्य वाटले. दुष्काळात आणि त्याच्या मागोमाग बाप्तिस्म्यांची संख्या वाढली, हे खरे. पाऊस पडल्यावर काही लोक परत गेले, हेही खरे. मिशनऱ्यांमध्येही यावरून मतभेद होते. घाईने बाप्तिस्मा देऊ नये, आधी वर्षभर शिकवावे, असे म्हणणारे त्यांच्यात होते. पण धान्य हे आमिष होते असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो की, त्याच दुष्काळात गावच्या पेवात धान्य होते, ते कोणी उघडले नाही, त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? शिवाय, दुष्काळ गेल्यावरही जे राहिले, बलुते गमावून, शिव्या खाऊन, दुसऱ्या दुष्काळापर्यंत राहिले, त्यांना कसले आमिष होते?

आमच्या मते त्या माणसांनी सौदा केला, आणि डोळे उघडे ठेवून केला. गावाकडून मिळणारी शिळी भाकरी एका पारड्यात, मुलाची पाटी दुसऱ्यात. अडाणी म्हणून त्यांना फसवले गेले, असे म्हणणे हा त्यांचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे. आपल्या 1956 च्या धर्मांतराबद्दलही असेच म्हणणारे लोक होते, हे ध्यानात ठेवा.

परंतु, बंधूंनो, जमाखाते सांगितल्यावर नावेखातेही सांगितले पाहिजे. बँकेतल्या माणसाला एका बाजूची वही चालत नाही.

पहिली गोष्ट जातीची. नगरच्या मिशनने जात मानणार नाही असा नियम केला होता. ब्राह्मण ख्रिस्ती आणि महार ख्रिस्ती यांनी प्रभुभोजनाला एकत्र बसायचे, हा त्या काळात लहान नियम नव्हता. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्या ग्रंथालयात आहेत, ती विद्यार्थ्यांनी जरूर वाचावीत. रेव्हरंड टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, बाई पुढे पाच वर्षांनी आल्या. मधल्या काळात सोवळे-ओवळे त्यांच्या मनातून कसे गळून पडले हे त्यांनी कसलाही आव न आणता लिहिले आहे. पण खेड्यात काय झाले? महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका देवळात बसले, एकच गीत गायले, आणि लग्नाच्या वेळी आपापल्या वाड्यात परत गेले. कितीतरी गावांत हे पिढ्या लोटल्या तरी तसेच राहिले. आम्ही हे बोट दाखवायला सांगत नाही. आपल्या विहारात आलेल्या मातंग बांधवाशी आपली सोयरीक किती झाली, हा हिशेब आपल्यालाही द्यावा लागेल.

दुसरी गोष्ट साहेबाची. बंगला साहेबाचा, पगार साहेबाचा, शाळा साहेबाची. मास्तर, उपदेशक, बायबल शिकवणाऱ्या बाया, स्वयंपाकी, गाडीवान, सगळे मिशनच्या पगारपत्रकावर. पाटलाच्या दारातून सुटलेला माणूस बंगल्याच्या दारात उभा राहिला. जोहार गेला, सलाम आला. हे दार नक्कीच बरे होते, यात शंका नाही. पण जमीन मिळाली नाही. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या मुलुखात जमीन मिळवून बेथेल नावाचे गाव वसवले आणि मांग-महार ख्रिस्ती कुटुंबांना तिथे आणले, तसा प्रयत्न विरळा. बहुतेक ठिकाणी ख्रिस्ती झालेला मनुष्य त्याच गावकुसाबाहेर, त्याच पाणवठ्यावर, त्याच पाटलाच्या शेतात राहिला. स्वराज्यानंतर परदेशी मिशनरी कमी होत गेले, बंगले ओस पडले, तेव्हा या लोकांच्या हातात काय उरले? शिक्षण उरले, एवढेच. ते ज्यांनी घेतले होते ते पुण्या-मुंबईला गेले, नर्सेस आणि शिक्षक झाले. उरलेले वस्तीतच राहिले.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण अभ्यासवर्गाने ती समजून घेतली पाहिजे. बाबासाहेबांनी 'द कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट' या लेखात विचारले की, ख्रिस्ती झालेला अस्पृश्य अन्यायाविरुद्ध उठून का उभा राहत नाही? त्यांचे उत्तर असे की, त्याला शिकवले जाते की तुझ्या पतनाचे मूळ तुझ्या पापात आहे. पाप आपले म्हटल्यावर पश्चात्ताप करायचा, चावडीवर मोर्चा कशाला न्यायचा? दुःखाचे कारण भोवतालच्या समाजरचनेत आहे हे त्याच्या लक्षात आणून दिले जात नाही. सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे केलेले त्यांचे भाषण फेब्रुवारी 1938 च्या 'जनता'त छापलेले आहे. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त करून, एक समाज म्हणून तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाहीत, असे त्यांनी त्यांना तोंडावर सांगितले. परक्याला कोणी असे बोलत नाही. आमच्या मते हे बोलणे घरच्या माणसाचे होते.

म्हणून बाबासाहेबांनी तो मार्ग घेतला नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला जो मार्ग घेतला तो आपण जाणतोच. 1951 च्या जनगणनेत या राज्याच्या आजच्या हद्दीत बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, 1961 मध्ये ते 27 लाख 89 हजारांवर गेले. नगरच्या मिशनला सव्वाशे वर्षांत याच्या जवळपासही जाता आले नाही. कारण इथे कोणी साहेब नव्हता. आपला माणूस पुढे होता, आणि बावीस प्रतिज्ञांत मेलेल्या जनावराचा नव्हे तर जुन्या देवांचा आणि विषमतेचा त्याग होता.

आमच्या आजोळच्या वस्तीत त्या वर्षी काय झाले ते सांगतो. आजी बौद्ध झाली. तिचे चुलते आधीपासून ख्रिस्ती. एकाच भिंतीला लागून दोन घरे, इकडे बाबासाहेबांचा फोटो, तिकडे येशूचा. नाताळला तिकडून करंज्या येत, 14 एप्रिलला इकडून जिलबी जाई. पाळकांना हे पसंत नव्हते आणि आपल्या काही पुढाऱ्यांनाही. पण भिंत मधोमध फोडून ठेवलेली होती, विस्तव मागायला सोपे पडावे म्हणून, आणि ती कोणी बुजवली नाही. नगरची ख्रिस्ती कीर्तने, कृष्णराव सांगळ्यांची गीते, आजीला तोंडपाठ होती. बुद्धवंदना तिला मात्र शेवटपर्यंत नीट आली नाही. यावर आम्ही हसत असू.

मग भिंत बुजली कशाने? ती बुजवली दाखल्याने. 1950 साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला. हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म पाळणारा मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असे त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले. 1956 मध्ये त्यात शीख धर्म जोडला गेला. आपण बौद्ध झालो आणि आपल्याही सवलती गेल्या. महाराष्ट्रात 1960 साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या त्या चालू केल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी 1990 पर्यंत चौतीस वर्षे थांबावे लागले. या सभागृहात असे किती वडीलधारे असतील की ज्यांनी त्या काळात फॉर्मवर 'हिंदू महार' लिहिले आणि घरी त्रिसरण म्हटले! त्यांची अडचण आपण समजून घेतली. मग आज शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आणि घरात बायबल असलेल्या मुलाला आपण लबाड का म्हणतो?

मद्रासच्या एका ख्रिस्ती चर्मकाराचा खटला 1985 साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या चांभारांना सरकार टपऱ्या देत होते. याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. काम तेच, रस्ता तोच, ऊनही तेच. न्यायालय म्हणाले, ख्रिस्ती झाल्यावरही तेवढ्याच तीव्रतेचा त्रास चालू आहे हे दाखवून द्या. 2007 साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून अलग करावा अशी शिफारस केली. ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली त्याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमण्यात आला.

आमच्या शाखेत शैक्षणिक कर्जाचे फॉर्म आमच्या टेबलावर येतात. एकदा एकाच आडनावाची दोन मुले आली, एकाच वस्तीतली. दोघांचे पणजोबा सख्खे भाऊ. एकाची कॉलेजची फी शिष्यवृत्तीतून सुटली होती, त्याला फक्त राहण्या-जेवणापुरते कर्ज हवे होते. दुसऱ्याला सगळे हवे होते, आणि तारण द्यायला काही नव्हते. पहिला आपला, दुसरा ख्रिस्ती. दुसऱ्याने आम्हांला विचारले, 'काका, आमच्या पणजोबांनी शाळा शिकायची घाई केली, ती चूक झाली का?' आम्ही त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. उत्तर दिले नाही.

आपल्यापैकी काही जण म्हणतात की त्यांना आत घेतले तर आपला वाटा कमी होईल. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. जागा थोड्या आहेत आणि आपली मुले पुष्कळ आहेत. त्यांच्याकरिता जागाही वाढवा, ही मागणी त्याबरोबरच केली पाहिजे. पण भीती खरी आहे म्हणून न्याय बदलत नाही. शिवाय धर्मांतराविरुद्धचे जे कायदे झाले, 1967 साली ओरिसात, 1968 साली मध्य प्रदेशात आणि नंतर इतर राज्यांत, ते करताना नाव पाद्र्यांचे घेतले गेले. आपण स्वस्थ बसलो, आपल्याला काय त्याचे म्हणून. 8 एप्रिल 2024 रोजी गुजरात सरकारने परिपत्रक काढून स्पष्ट केले की, बौद्ध धर्म हा वेगळा धर्म असून तो स्वीकारण्यासाठीही त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. दीक्षा घ्यायची तर कलेक्टर कचेरीत अर्ज! पाद्र्यासाठी बांधलेले कुंपण आपल्या दारापर्यंत आले आहे. उद्या 'आमिष' या शब्दाचा अर्थ लावायला बसतील तेव्हा आपले वसतिगृह, आपली पुस्तकपेढी, आपले भोजनदान हेही त्यात बसवता येईल, हे वकील मंडळींना विचारून पाहा.

आता शेवटी दोन कामाच्या गोष्टी. विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावच्या वस्तीत जुन्या माणसांना विचारून लिहून आणावे की, मिशनची शाळा होती काय, कोणत्या खोलीत होती, मास्तर कोण होते, आणि घरातला पहिला अक्षर ओळखणारा माणूस कोण. बौद्ध आणि ख्रिस्ती, दोन्ही घरी विचारावे. वह्या संस्थेच्या कार्यालयात मिळतील.

दुसरी गोष्ट आपल्या पुस्तकमदत योजनेची. तिच्या फॉर्मवर 'धर्म : बौद्ध' असे आधीच छापलेले आहे. गेल्या दोन वर्षांत वस्तीतल्या ख्रिस्ती मुलांचे अर्ज तेवढ्यावरून परत गेले. तो रकाना काढून तिथे फक्त 'पालकाचा व्यवसाय व वार्षिक उत्पन्न' एवढे ठेवावे, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. ज्या सभासदांना अनुमोदन द्यायचे असेल त्यांनी नाव चिटणीसांकडे लेखी कळवावे, म्हणजे ते कार्यक्रमपत्रिकेत छापता येईल. ज्यांचा विरोध असेल त्यांनीही कळवावे, त्यांना बोलायला आधी वेळ देऊ.

जयभीम.